नकाशावरची रेघ आणि बोनकोडे

2009 साली बोनकोडे गावचे संजीव नाईक 3,01,000 मते घेऊन ठाण्याचे खासदार झाले. पाच वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांना 3,14,065 मते पडली आणि ते 2,81,299 मतांनी हरले. मते तेरा हजारांनी वाढली आणि खासदारकी गेली.

यात चमत्कार काही नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त मते घेणारा निवडून येतो. निम्म्याहून जास्त मते मिळवण्याची अट त्याला नाही. 2009 मध्ये राष्ट्रवादीच्या नाईकांसमोर शिवसेनेचे विजय चौगुले होते. त्यांना 2,51,980 मते मिळाली आणि मनसेच्या राजन राजे यांनी 1,34,840 मते घेतली. या दोघांची बेरीज नाईकांच्या मतांपेक्षा 85 हजारांनी जास्त भरते. मनसे नसती तर ती सगळी मते शिवसेनेलाच गेली असती असे छातीठोकपणे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो हिशेब फार सरधोपट वाटतो, कारण काही मतदार घरीच बसले असते. पण 49,020 मतांच्या विजयात तिसऱ्या माणसाचा वाटा होता हे नाकारता येत नाही. 2014 मध्ये मोदी लाट आली, मनसे 48,863 मतांवर घसरली आणि शिवसेनेचे राजन विचारे 5,95,364 मतांवर गेले. नाईकांचे मतदार जवळपास तेवढेच राहिले. बदलले ते भोवतालचे पाणी.

2009 च्या विजयाचे दुसरे कारण मात्र कमी बोलले जाते. 2008 साली प्रकाश परांजपे यांच्या निधनानंतर ठाण्यात पोटनिवडणूक झाली. तिलाही संजीव नाईक उभे होते आणि परांजपे यांचे चिरंजीव आनंद यांच्याकडून हरले होते. उमेदवार तोच, पक्ष तोच, विरोधी पक्षही तोच. मग वर्षभरात असे काय घडले? मतदारसंघाची रेघ हलली. बोनकोडेच्या खासदारकीची गोष्ट सांगायची तर माणसांइतकीच ती या रेघेचीही सांगावी लागते.

गाव आधी नजरेसमोर आणू. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ट्रान्स-हार्बर रेल्वे, तिच्या पलीकडे ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा. खाडी आणि रेल्वे यांच्या मध्ये सिडकोने आखलेले कोपरखैरणे, आणि त्याच्या चौकोनी सेक्टरांत वसलेली आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणे. बोनकोडे त्यांतलेच एक. सेक्टरातला रस्ता सरळ येतो आणि गावठाणाच्या तोंडाशी आला की वळायला लागतो. तिथून पुढे घराला घर लागून. एके काळच्या भातशेतीच्या जमिनीवर आता सेक्टर आहेत आणि जुन्या घरांच्या जागी चार-पाच मजल्यांच्या इमारती. त्यांतल्या बऱ्याच सरकारी भाषेत ‘गरजेपोटी बांधलेल्या’. मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली, गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही, म्हणून वर-वर बांधत गेले. खालच्या खोल्या भाडेकरूंना दिल्या. त्यामुळे बोनकोडेच्या मतदारयादीत पाटील, म्हात्रे, नाईक यांच्या शेजारी साताऱ्याचे, जुन्नरचे, उत्तर प्रदेशचे लोक सुखाने नांदतात.

याच गावात गणेश नाईक जन्मले. कारखान्यांतल्या कामगारांची संघटना, मग शिवसेना, 1990 ला बेलापूरची आमदारकी, 1995 च्या युती सरकारात मंत्रिपद, 1999 ला शिवसेनेशी फारकत आणि पराभव, पुढे राष्ट्रवादीतून पुन्हा मंत्रिपद, 2014 ला मंदा म्हात्रे यांच्याकडून दीड हजारांहून कमी मतांनी हार, 2019 ला भाजप, 2024 ला राज्याचे वनमंत्री. थोरले चिरंजीव संजीव नवी मुंबईचे पहिले महापौर, धाकटे संदीप ऐरोलीचे दोन वेळचे आमदार. महापालिका 1992 साली स्थापन झाली, पहिली निवडणूक 1995 ला झाली, आणि तेव्हापासून नवी मुंबईचे राजकारण या गावावरून वळसा घालूनच जाते. एवढा दबदबा असलेल्या गावाला लोकसभेत आपला माणूस एकदाच पाठवता आला, तोही पाच वर्षांसाठी. का, ते नकाशा सांगतो.

2008 पर्यंतचा ठाणे मतदारसंघ अगडबंब होता. ठाणे, बेलापूर, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर असा हा पसारा. देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना होई. रामभाऊ म्हाळगी इथून 1977 आणि 1980 ला जनता पक्षाकडून निवडून आले आणि 1980 मध्येच भाजपचे झाले. राम कापसे भाजपचेच. 1996 ला शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी ही जागा भाजपकडून शिवसेनेला मिळवून घेतली आणि प्रकाश परांजपे सलग चार वेळा जिंकले. या सगळ्या काळात राजकारणाचा गुरुत्वमध्य ठाणे-कल्याण-डोंबिवलीत होता. खाडीच्या कडेची गावे मतदानापुरती मतदारसंघात होती. तिथल्या माणसाला उमेदवारी मिळणे कठीण आणि मिळालीच तर डोंबिवलीत त्याला ओळखतो कोण?

मग मतदारसंघ पुनर्रचना झाली. 2001 च्या जनगणनेच्या आधारे आयोगाने नव्या सीमा आखल्या आणि 2009 ची लोकसभा त्या सीमांवर झाली. 2008 ची पोटनिवडणूक जुन्याच सीमांवर झाली होती, कारण चालू लोकसभेची मुदत संपेपर्यंत तिच्या पोटनिवडणुका जुन्या नकाशावरच होतात. नव्या नकाशात कल्याण वेगळे झाले. ठाण्याकडे सहा विधानसभा क्षेत्रे आली: मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. एकट्या बेलापूरवर भागवणाऱ्या नवी मुंबईला दोन विधानसभा जागा मिळाल्या आणि लोकसभेच्या सहांत तिचा वाटा दोन झाला. त्याचा परिणाम लगेच दिसला. 2009 मध्ये नाईक नवी मुंबईचे आणि त्यांच्यासमोर शिवसेनेने दिलेले चौगुलेही नवी मुंबईचेच. ठाण्याच्या खासदारकीसाठी दोन्ही प्रमुख उमेदवार खाडीच्या अलीकडचे, असे पुन्हा घडलेले नाही. आनंद परांजपे कल्याणकडे सरकले आणि तिथून निवडून आले.

मात्र ही वाटणी करताना आयोगाने नवी मुंबईचे तुकडे तसेच ठेवले. सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी तिच्यासाठी घेतल्या गेल्या. शहर एक आखले, भूसंपादन एक, प्रकल्पग्रस्तांचे गाऱ्हाणे एक. पण लोकसभेच्या नकाशावर ठाणे तालुक्यातली गावे ठाण्यात, आणि पनवेल-उरण मावळात. मावळ मतदारसंघ खंडाळ्याचा घाट चढून पिंपरी-चिंचवडपर्यंत जातो. उलव्याचा माणूस आणि चिंचवडचा माणूस एकाच खासदाराला मत देतात. उलव्याचा आणि बोनकोडेचा नाही. पुढे नवी मुंबई महापालिकेत घातलेली चौदा गावे तर कल्याण लोकसभेत मोडतात. ही रेघ आखणाऱ्यांनी लोकसंख्येची बेरीज जुळवली. भूगोलाचे आणि इतिहासाचे काय करायचे ते त्यांना सुचले नसावे.

इतिहासाचे महत्त्व दि. बा. पाटलांकडे पाहिले की कळते. शेतकरी कामगार पक्षाचा हा नेता 1977 ला कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेला होता. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उरण तालुक्यात आंदोलन पेटले. 16 आणि 17 तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्याच वर्षाच्या शेवटी, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दि. बा. पुन्हा कुलाब्यातून निवडून आले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेचे मूळ त्या लढ्यात आहे आणि बोनकोडेलाही तिचा लाभ मिळाला. म्हणजे बोनकोडेचा सर्वांत मोठा प्रश्न ज्या खासदाराने धसास लावला, त्याला मत देण्याची सोय बोनकोडेला नव्हती. बोनकोडे ठाण्यात होते. नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून जून 2021 मध्ये सिडको भवनावर मोर्चा गेला, तेव्हा ठाणे-रायगडची गावे पुन्हा एकत्र रस्त्यावर आली. लोकसभेच्या मतदानात ती तशी एकत्र येऊ शकत नाहीत.

खासदार करतो तरी काय, असा प्रश्न गावठाणात नेहमी निघतो, आणि तो वाजवी आहे. गटार महापालिकेचे, भूखंड सिडकोचा, गरजेपोटीच्या घरांचा शासन निर्णय मंत्रालयाचा. दिल्लीच्या वाट्याला काय उरते? भूसंपादनाचा कायदा उरतो. 1894 च्या इंग्रजी कायद्याने या गावांच्या जमिनी गेल्या. त्याच्या जागी नवा कायदा संसदेने 2013 साली केला आणि तो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. बोनकोडेसाठी चाळीस वर्षे उशिरा, पण कायदा बदलायची जागा संसद हीच होती. आणि रेल्वे उरते. ठाणे-वाशी मार्ग नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाला. त्याआधी इथल्या माणसाला ठाण्याला जायचे तर बस. नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सिडकोने उचलला, म्हणजे एका अर्थी जमिनी दिलेल्यांनीच. याच मार्गावरचे दिघा गाव स्थानक बांधून तयार असूनही कुलूपबंद होते आणि ते 12 जानेवारी 2024 रोजी, निवडणुकीच्या तोंडावर उघडले. उद्घाटनाचे श्रेय कोणाचे यावरून बरीच खडाजंगी झाली. खासदाराच्या कामाचे मोजमाप आपल्याकडे अशा फलकांवरच होते.

खासदार निधीचा हिशेब मुद्दाम करून पाहावा. वर्षाला पाच कोटी. ठाण्यात 2024 ला सुमारे 25 लाख मतदार होते. म्हणजे मतदारामागे वर्षाला वीस रुपये. ब्रिटनमध्ये 2023 च्या पुनर्रचनेत एका खासदारामागे साधारण 73 हजार मतदार धरले. आपल्या एकट्या ऐरोली विधानसभेत साडेचार लाखांहून जास्त आहेत. लंडनमधल्या दाट वस्तीच्या मतदारसंघाचा खासदार आठवड्याला ठरलेल्या वेळी लोकांना भेटतो, ते त्याला जमते. पंचवीस लाखांच्या प्रतिनिधीला भेटायचे तर मध्ये कोणीतरी लागतो: नगरसेवक, शाखाप्रमुख, गावातला वजनदार माणूस. बोनकोडेत तो माणूस कोणाचा, यावर लोकसभेचे मतदान फिरते. 2024 ला गंमत अशी होती की नगरसेवकच नव्हता. महापालिकेची मुदत 2020 ला संपली, आधी कोविड, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद, आणि प्रशासकाचा कारभार थेट जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत चालला. खासदार निवडताना बोनकोडेकरांकडे माजी नगरसेवक होते. माजी माणूस जास्त हिरिरीने काम करतो, असा एक अनुभव आहे.

उमेदवाराने खर्च किती करावा याची मर्यादा महाराष्ट्रात लोकसभेसाठी 95 लाख रुपये. तोही भागाकार करा: मतदारामागे चार रुपयेसुद्धा नाहीत. ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. आगरी-कोळी गावांत हळद हा लग्नाइतकाच, काही घरांत लग्नापेक्षाही मोठा सोहळा. मांडव, जेवण, बेंजो, रात्री उशिरापर्यंत नाच. उमेदवाराला अशी गर्दी पैसे मोजून जमवावी लागली असती; इथे ती आयती मिळते, आणि हिशेबाच्या वहीत तिची नोंद कशी करायची यावर निवडणूक अधिकारीही डोके खाजवतात. एका संध्याकाळी घणसोली, बोनकोडे, जुहूगाव असे करत उमेदवार किती हळदींना हजेरी लावतो, यावर कार्यकर्ते त्याची ताकद जोखतात. कायद्यानुसार मतदान संपण्याआधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद असतो. हळद बंद नसते.

सेक्टरांत मात्र वेगळाच हिशेब चालतो. कोपरखैरणे माथाडी कामगारांच्या घरांचे गाव आहे. मुंबईतले घाऊक बाजार तुर्भे-वाशीला आले, तेव्हा अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेले माथाडी इकडे आले. त्यांची मुळे सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांत. त्यामुळे साताऱ्याची लोकसभा अर्धी कोपरखैरण्यात लढली जाते. 2019 ला साताऱ्यातून उभे राहिलेले शिवसेनेचे नरेंद्र पाटील हे अण्णासाहेबांचे चिरंजीव. 2024 ला उदयनराजे भोसल्यांसमोर उभे राहिलेले शशिकांत शिंदे माथाडींचेच नेते. साताऱ्याच्या उमेदवारांचे मेळावे नवी मुंबईत होतात, मतदानाला गावी जाण्यासाठी गाड्यांची जुळवाजुळव होते.

2024 ला साताऱ्याचे मतदान 7 मे रोजी होते आणि ठाण्याचे 20 मे रोजी. मध्ये तेरा दिवस. नाव दोन्हीकडे असेल तर? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 17 प्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही. नाव तिथे, जिथे माणूस सामान्यतः राहतो. गावी घर किंवा शेत असणे एवढ्याने तो तिथला रहिवासी ठरत नाही, हे कलम 20 स्पष्ट सांगते. पण तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवासही तुटत नाही, हेही तेच कलम सांगते. माथाडी तीस वर्षे कोपरखैरण्यात राहतो आणि गणपतीला, जत्रेला, पेरणीला गावी जातो. त्याला विचाराल तर तो सामान्यतः गावीच राहतो, इथे फक्त कामाला असतो. खोटे प्रतिज्ञापन केले तर वर्षभरापर्यंत कैद आहे, आणि दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते बाद धरायची अशी 1951 च्या कायद्यात तरतूद आहे. प्रत्यक्षात पहारा असतो तो शाईचा. मतदान अधिकारी डाव्या हाताची तर्जनी तपासतो. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली ही शाई 1962 पासून वापरात आहे आणि नखावरचा तिचा डाग नख वाढल्याशिवाय जात नाही. तेरा दिवसांत नख फार वाढत नाही. दुबार नावांवरून 2025 मध्ये विरोधी पक्ष मुंबईत मोर्चा घेऊन उतरले, ते ठीकच. पण ज्या पट्ट्यात माणसाचे पोट एका गावात आणि मन दुसऱ्या गावात असते, तिथल्या सगळ्याच दुबार नावांमागे कारस्थान शोधू नये असे मला वाटते.

आता मतदान केंद्रावर येऊ. 2024 ला ठाण्यात वीसहून जास्त उमेदवार होते. मतदान यंत्राच्या एका पाटीवर सोळा बटणे मावतात आणि त्यांतलेच एक ‘नोटा’साठी जाते. त्यामुळे दोन पाट्या जोडाव्या लागल्या. यादीत मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, त्यांच्यात मराठी वर्णानुक्रम, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. संध्याकाळी केंद्राध्यक्ष किती मते पडली याचा हिशेब नमुना 17-क मध्ये भरून पक्षांच्या प्रतिनिधींना देतो. मुरलेला पोलिंग एजंट तो कागद हातात पडल्याशिवाय जागचा हलत नाही.

इथपर्यंत सगळे सुरक्षित. पण गावठाणाच्या दृष्टीने खरी गोची मोजणीच्या दिवशी होते. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्र आले आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा वाचला जाऊ लागला. पुढे नमुना 20 मध्ये तो जाहीरही होतो. सेक्टरात याने फारसे बिघडत नाही. वेगवेगळ्या सोसायट्या, एकमेकांना न ओळखणारी माणसे. गावठाणात मात्र एक-दोन केंद्रांवर सगळे गाव मतदान करते. कोणत्या आळीने साथ दिली आणि कोणत्या आळीने दगा, हे दुपारपर्यंत उमेदवाराच्या हातात असते. व्यक्तीचे मत गुप्त राहते, गावाचे नाही. ज्या गावात पाण्याच्या जोडणीपासून मुलाच्या नोकरीच्या शिफारशीपर्यंत नेत्याच्या दारी जावे लागते, तिथे हा फरक किरकोळ नव्हे.

यावर उपाय निवडणूक आयोगाकडे 2008 पासून आहे. चौदा यंत्रे एकमेकांना जोडून फक्त एकत्रित बेरीज दाखवणारे एक उपकरण, त्याला टोटलायझर म्हणतात. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. विरोधाचे एक कारण असे देण्यात आले की केंद्रनिहाय आकडे कळल्याने उमेदवाराला आपण कुठे कमी पडलो ते समजते आणि तो तिथे जास्त काम करतो. हा युक्तिवाद करणाऱ्याने कधी गावात निवडणूक पाहिली नसावी.

2024 ची निवडणूक बोनकोडेसाठी आणखी चमत्कारिक होती. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री, कोपरी-पाचपाखाडीचे आमदार; ठाणे त्यांचे घर. भाजपला म्हाळगी-कापशांची जुनी जागा परत हवी होती आणि संजीव नाईक इच्छुक होते. 1996 ला दिघ्यांनी मिळवलेली जागा शिंद्यांनी सोडली नाही. मतदान एकोणीस दिवसांवर आले तेव्हा, 1 मे रोजी, माजी महापौर नरेश म्हस्के यांचे नाव जाहीर झाले. नवी मुंबईतल्या नाईक समर्थक पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले, वरून समजुती घातल्या गेल्या, राजीनामे मागे घेतले गेले आणि कालपर्यंत कमळासाठी तयारी केलेली माणसे धनुष्यबाणाच्या स्लिपा वाटू लागली.

समोर राजन विचारे. तेही ठाण्याचे माजी महापौर, तेही दिघ्यांचे शिष्य. 2014 आणि 2019 ला ते धनुष्यबाणावर जिंकले होते. 2019 ला 7,40,969 मते आणि 4,12,145 चे मताधिक्य. शिवसेना फुटल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगाने चिन्ह शिंदे गटाला दिले आणि विचारे मशाल घेऊन उभे राहिले. तीस वर्षे जो बाण पाहून म्हातारी माणसे बटण दाबत होती, तो आता समोरच्याचा होता. घरोघरी जाऊन नवे चिन्ह सांगणे हाच ठाकरे गटाच्या प्रचाराचा मोठा भाग होऊन बसला. मतदान जेमतेम 52 टक्के झाले. म्हस्क्यांना 7,34,231, विचाऱ्यांना 5,17,220. फरक 2,17,011. राज्यात महायुतीची धूळधाण उडत असताना ठाणे टिकले. सहानुभूती विचाऱ्यांना होती, यंत्रणा म्हस्क्यांना. पंचवीस लाखांच्या मतदारसंघात यंत्रणेचे पारडे जड ठरते असे माझे मत आहे.

नाईकांच्या घरात पुढच्या सहा महिन्यांत जे घडले त्यावरून मात्र या यंत्रणेलाही मर्यादा असतात हे दिसले. विधानसभेला वडील ऐरोलीतून कमळावर, तर संदीप नाईक शरद पवारांच्या पक्षात जाऊन शेजारच्या बेलापुरात तुतारीवर. वडील जिंकले. मुलगा मंदा म्हात्र्यांकडून 377 मतांनी हरला.

आता रेघ पुन्हा हलणार आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या 1971 च्या जनगणनेवर गोठवलेली आहे, म्हणून महाराष्ट्राचे 48 खासदार 1977 पासून 48 च आहेत. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ही मुदत आहे आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे. त्यानंतर पुनर्रचना, आणि तिच्यासोबत महिलांचे एक-तृतीयांश आरक्षण, जे 2023 च्या घटनादुरुस्तीने पुनर्रचनेशीच बांधले आहे. 1977 पासून ठाण्याचे सगळे खासदार पुरुष आहेत. नवी मुंबईत मात्र मंदा म्हात्रे तीनदा आमदार झाल्या आहेत, त्यामुळे आरक्षण पडलेच तर बोनकोडेला ते अगदीच परके वाटणार नाही.

नवी मुंबईचा स्वतंत्र खासदार होईल का? 2011 च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 11 लाख 20 हजार होती, आणि राज्याची लोकसंख्या 48 ने भागली तर एका जागेला 23 लाखांहून जास्त लोक येतात. एकट्या महापालिकेवर भागत नाही. पनवेल आणि उरण जोडले तर आकडा जुळण्याच्या जवळ येतो, आणि योगायोगाने तो नकाशा साधारण सिडकोच्या 95 गावांचाच होतो. तसे झाले तर बोनकोडे, उरणचे जासई आणि पनवेलचे उलवे पहिल्यांदा एका खासदाराला मत देतील. मीरा-भाईंदर आणि घोडबंदरशी असलेली आजची जोडणी तुटेल, आणि ठाण्याच्या नेत्यांना ती सहजासहजी तुटू द्यायची नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

पुनर्रचना आयोगाचा आदेश एकदा अंतिम झाला की घटनेचे कलम 329 न्यायालयाचे दार जवळजवळ बंद करते. त्याआधी मसुदा राजपत्रात आणि वृत्तपत्रांत छापला जातो, हरकतींना मुदत दिली जाते, जाहीर सुनावण्या होतात. त्या सुनावण्यांना बहुतेक पक्षांची माणसेच येतात, आणि ती येतात तेव्हा त्यांच्या हातात नमुना 20 चे केंद्रनिहाय आकडे असतात. गावकीला तिथे जायचे असेल तर तिने आपले कागद आतापासून जमवायला हवेत: सिडकोच्या अधिसूचना, 95 गावांची यादी, साडेबारा टक्क्यांचे वाटप, रेल्वेचा नकाशा. भौगोलिक सलगता, दळणवळण आणि प्रशासकीय हद्दी हे आयोगाचे निकष आहेत, आणि या निकषांवर खंडाळ्याच्या घाटापेक्षा पामबीच रस्त्याची बाजू भक्कम आहे.